गांठीभेटी

मराठी भाषेंत ‘गांठ’ ह्या शब्दाकडे कामें पुष्कळ आहेत. दोरीला मारतात ती गांठ, आणि बाजारांत अवचित सोयरा भेटला म्हणजे पडते तीही गांठच. पदरीं चार पैसे असले तर ते गांठीला आहेत असें आपण म्हणतों. मनांत कोणाविषयीं अढी बसली तर तिलाही गांठच म्हणतों. लग्नांत उपरण्याला आणि शालूला पडते ती गांठ मंगल, आणि मानेवर किंवा काखेंत हाताला लागते ती गांठ अमंगल. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना आपल्या पूर्वजांनीं एकच शब्द कां दिला असावा, ह्याचा विचार करण्याचें आम्हांला आजवर कधीं कारण पडलें नव्हतें. तें कारण गेल्या वर्षीं आमच्या आत्याच्या छातींत निघालें.

आमचें मूळ घर नांदगांव खंडेश्वर येथें आहे. बडनेऱ्याहून यवतमाळच्या रस्त्यानें निघालें म्हणजे दोहों बाजूंस काळ्या जमिनीचीं, कपाशीचीं आणि तुरीचीं शेतें लागतात. आणि मग, खंडेश्वराच्या जुन्या दगडी हेमाडपंती देवळामुळें जें इतर नांदगांवांपासून वेगळें ओळखलें जातें, तें आमचें गांव येतें. आत्या ऐन तारुण्यांत विधवा होऊन ह्या घरीं परत आली ती कायमची. आजोबा, वडील, दोन चुलते आणि आम्ही मुलें मिळून पंधरा-सोळा माणसांची चूल तिच्या हातीं गेली, आणि पन्नासांहून अधिक वर्षें तिच्याच हातीं राहिली. चुलींत जळे ती पऱ्हाटी आणि तुराटी. पावसाळ्यांत सरपण ओलें झालें म्हणजे गोवऱ्या. स्वयंपाकघराला हातभर रुंदीची एक खिडकी आणि धाब्याला एक झरोका, एवढीच धुराला वाट. आत्या फुंकणीनें जाळ फुंकी, तोंड फिरवून खोके, आणि पुन्हां फुंकी. आम्ही मुलें उंबऱ्याशीं घुटमळलों तर ती म्हणे, “जा पोरहो बाहीर, डोये चुरचुरतीन.” आम्ही बाहेर जात असूं. भाकरी मागून ओसरीवर आमच्या ताटांत येत असत.

गेल्या वर्षीं दिवाळी होऊन गेली तरी तिचा खोकला थांबेना. अंग उतरलें. संध्याकाळच्या सुमारास हातपाय कढत लागूं लागले. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ क्षयानें गेले होते. क्षयावरील पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसीन, 1944 सालीं जाहीर झालें. परंतु तें वऱ्हाडांतील खेड्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच त्यांचा अवतार संपला. त्यांचें ताट आणि तांब्या गोठ्यांत वेगळा ठेवीत असत, ही गोष्ट आत्या लहानपणापासून ऐकत आली होती. आम्ही तिला भेटावयास गेलों तेव्हां स्वयंपाकघराच्या कोनाड्यांत एक पेला एकटाच पालथा घातलेला दिसला. कोणाला न सांगतां तिनें आपला पेला वेगळा काढला होता. आम्हीं काय तें ओळखलें आणि दुसऱ्या दिवशीं तिला अमरावतीस नेलें.

बेडका तपासला, त्यांत क्षयाचे जंतु सांपडले नाहींत. क्ष-किरणांच्या चित्रांत मात्र, श्वासनलिका दुभंगून दोन्ही फुप्फुसांत शिरते त्या जागेजवळ, सावली दिसली. डॉक्टर म्हणाले, तेथल्या गांठी वाढल्या आहेत. क्षय असूं शकेल, कर्करोगही असूं शकेल. नागपुरास जाऊन श्वासनलिकेंतून दुर्बीण घालावी आणि सुईनें गांठीचा कण काढून तपासावा. त्याप्रमाणें कण काढला. निकालास नऊ दिवस लागतील असें सांगण्यांत आलें.

ज्या घरीं असे नऊ दिवस आले असतील त्या घरच्या माणसांना त्यांचें वर्णन करून सांगण्याची जरूर नाहीं. आत्या नांदगांवीं जाऊन आपल्या कामाला लागली. आम्हांला दुसरें कांहीं सुचेना म्हणून आम्ही त्या गांठींविषयीं वाचीत बसलों. मुळांत तेथें गांठी असतातच कशाला, एवढा साधा प्रश्न आम्हांला त्या वयापर्यंत पडलेला नव्हता. जें समजलें तें येथें थोडक्यांत देतों. वाचकांपैकीं कोणावर तशी वेळ आली तर भयाला निदान आकार तरी येईल.

माणूस दिवसाकाठीं सुमारें 10,000 लिटर हवा आंत घेतो. तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण आणि नाना प्रकारचे जंतु फुप्फुसांत शिरतात. तेथें हवा आणि रक्त ह्यांच्यामध्यें जो पडदा आहे त्याची जाडी केसाच्या जाडीचा एक क्षुल्लक अंश भरेल. शरीराच्या ह्या उघड्या आणि नाजूक शिवेवर जागल्यांची नेमणूक आहे. शास्त्रज्ञ त्यांना महाभक्षी पेशी म्हणतात. वायुकोशांत त्या गस्त घालीत असतात आणि जें परकें सांपडेल तें गिळतात. बहुतेक कारभार एवढ्यावरच आटोपतो. गांवांत कोणाला पत्ताही लागत नाहीं. परंतु शत्रु नवा असला, संख्येनें अधिक असला, किंवा जागल्याच्या पोटांतही जगणारा असला, म्हणजे जागल्याचें बळ पुरत नाहीं. आणि ठाणें सोडून मदत आणावयास जाणें हें सहसा त्याचें काम नव्हे.

त्यासाठीं दुसरी पेशी आहे. तिच्या अंगाला झाडाच्या फांद्यांसारखे फांटे असतात, म्हणून तिला डेन्ड्रिटिक पेशी हें नांव पडलें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत राल्फ स्टाइनमन आणि झॅनविल कोन ह्या दोघांनीं 1973 सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें महत्त्व इतरांना पटावयास पुष्कळ वर्षें लागलीं. 2011 सालीं स्टाइनमन ह्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते, आणि निवड करणाऱ्या मंडळींना तें ठाऊक नव्हतें. शरीरांतला सांगावा कोण पोंचवितो हें ज्यानें शोधून काढलें, त्याला त्याचाच सांगावा पोंचला नाहीं, हें वाचून आम्हांला त्या दिवसांतही क्षणभर वाईट वाटलें.

ह्या पेशीचें काम सांगाव्याचें. शिवेवर ती जंतूचा अंश गिळते आणि तिची वृत्ति पालटते. तोंवर जागेला धरून असलेली ती आतां जागा सोडते. तिच्या अंगावर एक नवें ग्राहक उगवतें. शास्त्रांत त्याला सीसीआर-7 असें रुक्ष नांव आहे. त्याच्या योगानें लसिकावाहिन्यांतून आणि गांठींतून सुटणाऱ्या एका रासायनिक द्रव्याचा जणूं वास तिला लागतो, आणि त्या रोखानें सरपटत जाऊन ती लसिकावाहिनींत शिरते. लसिका म्हणजे रक्तांतून पाझरून पेशींच्या भोंवतीं सांचणारा पातळ द्रव. तो वाहून नेण्यास हृदयासारखा पंप नाहीं. वाहिन्यांच्या भिंती आकुंचन पावतात, आंतल्या झडपा द्रवाला मागें फिरूं देत नाहींत, आणि छातींत त्याला आणखी रेटा मिळतो तो श्वासाच्या वरखालीचा. म्हणजे श्वासाबरोबर जो शत्रु आंत आला, त्याची खबर पुढें ढकलण्यास श्वासच हातभार लावतो.

ही खबर जाऊन पोंचते ती फुप्फुसाच्या मुळाशीं असलेल्या गांठींत. तेथें तिची वाट पाहणारा कोण? येथें आम्हांला आमच्या तालुक्यांतले आठवडी बाजार आठवले. शरीरांत टी पेशी म्हणून लढाऊ पेशी असतात. त्यांची मौज अशी, कीं प्रत्येकीला एकाच विशिष्ट आकाराच्या शत्रूची ओळख असते. दुसरा कोणी समोर आला तरी ती ढुंकून पाहत नाहीं. एखाद्या जंतूला ओळखणारी पेशी लाखांत एखादीच. अशी पेशी पायाच्या अंगठ्याशीं बसून राहिली आणि जंतु छातींत शिरला, तर दोघांची भेट जन्मांत होणार नाहीं. म्हणून ह्या पेशी बसून राहतच नाहींत. रक्तांतून एका गांठींत उतरावयाचें, अर्धा दिवस किंवा दिवसभर तेथें हिंडून पाहावयाचें, ओळखीचें कोणी न दिसल्यास लसिकेच्या वाटेनें पुन्हां रक्तांत जावयाचें आणि दुसरी गांठ गांठावयाची, असा त्यांचा जन्मभराचा फेरा चालतो. ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स ह्यांनीं 1950 नंतरच्या काळांत उंदरांवर प्रयोग करून हा फेरा सिद्ध केला. तोंवर ह्या पेशी रक्तांतून कोठें नाहींशा होतात हें गूढच होतें. माणसाच्या अंगांत अशा 500 ते 700 गांठी असतात. पाठीवर गठडें घेऊन आज ह्या गांवच्या तर उद्यां त्या गांवच्या बाजाराला जाणारा व्यापारी आम्हीं लहानपणीं पाहिला आहे. त्याच्यापाशीं माल एकाच प्रकारचा असे. पण त्याचें गिऱ्हाईक दहा बाजारांपैकीं एका बाजारांत उभें असे, आणि त्याच्यासाठीं तो दहाही बाजार करी.

अशा एखाद्या बाजारांत सांगावा आणणारी पेशी जंतूचा तुकडा अंगावर मांडून उभी असते, आणि तोच तुकडा ओळखणारी टी पेशी फिरत फिरत तिच्यापाशीं येते. दोघींची गांठ पडते. आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलों. ज्या पूर्वजांना पेशी ठाऊक नव्हत्या त्यांनीं शरीरांतल्या त्या गोळीला गांठ म्हटलें तें तिच्या आकारावरून. परंतु तिचें काम पाहावें तर तें ‘गांठ पडणें’ हेंच आहे.

भेट झाली म्हणजे टी पेशी फेरा थांबविते आणि वाढूं लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असें करीत आठवड्याभरांत एकीच्या हजारों होतात. म्हणूनच गांठ सुजते. घसा धरला असतां मुलाच्या गळ्याशीं आईच्या बोटांना लागते ती हीच गर्दी. मग लसिकेंत आणि रक्तांत विपुल असलेल्या एका स्निग्ध द्रव्याची ओढ लागून ही फौज गांठींतून बाहेर पडते. लसिकेचा ओघ गळ्याच्या मुळाशीं मोठ्या शिरांत मिळतो. तेथून हृदयाचा उजवा कप्पा. आणि तो कप्पा रक्त पाठवितो तें प्रथम फुप्फुसांतच. म्हणजे गांठींतून निघालेल्या फौजेच्या वाटेवर पहिलें गांव लागतें तें जेथून सांगावा आला तेंच. तेथें आग लागलेली असली तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जणूं हात पुढें केलेले असतात. त्यांना धरून पेशी खालीं उतरतात. लढाई संपल्यावर बहुतेक मरून जातात; थोड्या तेथेंच वस्ती करतात, आणि तोच शत्रु पुन्हां आला तर त्यांना सांगाव्याची वाट पाहावी लागत नाहीं.

ही व्यवस्था कितीही चांगली असली तरी ती वाटेवर अवलंबून आहे, आणि वाट शत्रूलाही मोकळी असते. 1896 सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली आणि पुढें ती वऱ्हाडांतही पोंचली, तेव्हां लोकांनीं तो रोग ओळखला तो जांघेंतल्या आणि काखेंतल्या गांठीवरून. पिसूच्या दंशानें कातडींत शिरलेला जंतु सांगाव्याच्याच वाटेनें गांठीपर्यंत जाऊन पोंचे. क्षयाचा जंतु त्याहून धूर्त. तो जागल्याच्याच पोटांत बिऱ्हाड करतो आणि सांगावा निघूंच देत नाहीं. उंदरांत असें दिसलें आहे, कीं ही खबर छातींतल्या गांठीला पोंचण्यासच आठ-दहा दिवस लागतात. माणसांत क्षयाची कातडीवरची चांचणी उमटावयास दोन ते आठ आठवडे जातात. तोंवर शत्रूचें ठाणें पक्कें झालेलें असतें. आणि पुष्कळदां सांगावा नेणारी पेशी जिवंत जंतूच पोटांत घेऊन गांठींत उतरते. तान्ह्या मुलाच्या डाव्या दंडावर बी. सी. जी. लस टोंचतात ती ह्याच कारणानें. दुबळा केलेला जंतु दंडावरून काखेंतल्या गांठीपर्यंत नेला जावा, आणि खऱ्या शत्रूच्या आधीं ओळख पटून राहावी, हा तिचा हेतु. ती तान्ह्या मुलांना गंभीर क्षयापासून चांगली संभाळते. प्रौढांच्या फुप्फुसांना मात्र तिचा भरंवसा तेवढा नाहीं.

हें सर्व वाचून आमची भीति कमी झाली असें नाहीं. क्षय कीं कर्करोग, हा प्रश्न जागच्या जागींच होता.

नवव्या दिवशीं निकाल आला. क्षय नव्हता, कर्करोगही नव्हता. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनीं सूक्ष्मदर्शकांतलें चित्र आम्हांला दाखविलें. पेशीच पेशी, आणि त्यांच्या पोटांत काळें कुट्ट कांहींतरी ठासून भरलेलें. “ही काजळी आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या घरीं चूल आहे कां?”

जंतु पचतो, काजळी पचत नाहीं. जागल्या पेशी धुराचे कण गिळतात, पण त्यांची विल्हेवाट लावणें त्यांना जमत नाहीं. पुष्कळसे कण कफाबरोबर वर येऊन बाहेर पडतात. कांहीं पेशींच्या पोटांतून, कांहीं लसिकेबरोबर, त्याच वाटेनें गांठींत जाऊन पोंचतात. पोंचविणारी पेशी मरते, तिच्यांतले कण दुसरी गिळते, ती मरते, तिसरी गिळते. काजळी मात्र तेथेंच. 2022 सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनीं 11 ते 93 वर्षें वयाच्या 84 मृत अवयवदात्यांच्या गांठी तपासल्याचें प्रसिद्ध केलें. वय वाढत जाईल तसतशा छातींतल्या गांठी काळ्या होत गेलेल्या आढळल्या. त्याच माणसांच्या आंतड्याजवळच्या गांठी स्वच्छ होत्या. आणि काजळीनें भरलेल्या पेशी आळसावलेल्या होत्या; नव्या शत्रूला गिळण्याची आणि इतरांना हांक देण्याची त्यांची शक्ति उणावली होती. वृद्धांना छातीचे आजार लौकर कां गांठतात, ह्याचें एक कारण त्यांत असावें असें त्यांना वाटतें. हा अभ्यास शहरांतल्या हवेसंबंधानें होता. चुलीपुढें पन्नास वर्षें बसलेल्या बाईच्या गांठींचें काय होत असेल, तें त्या चित्रांत आमच्यापुढें होतें. आत्याच्या गांठीला पैसा कधींच नव्हता. जें होतें तें हें.

डॉक्टरीणबाईंनीं श्वासावाटे घ्यावयाचें औषध दिलें, अशा छातींत क्षय मागाहून शिरण्याचा संभव असतो म्हणून तीन महिन्यांनीं पुन्हां यावयास सांगितलें, आणि चूल आजपासून बंद असें बजाविलें. आम्हीं मान डोलाविली. पण त्यांच्या खोलींतून बाहेर पडतांना आम्हांला जी गोष्ट आठवली ती त्यांना सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. ती येथें सांगतों.

आमच्या घरीं गॅस येऊन पंचवीस वर्षें झालीं. चहा, वरण, भाजी त्यावर होऊं लागली. भाकर तेवढी चुलीवरचीच राहिली. ती कां राहिली हें आम्हांला पक्कें ठाऊक आहे. गॅस आला त्याच आठवड्यांत आत्यानें त्यावर भाकर भाजून पाहिली होती, आणि आम्हीं पहिल्याच घासाला सांगितलें होतें कीं चुलीची गोडी हिला नाहीं. चुलत्यांनीं दुजोरा दिला. आत्या कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां पऱ्हाटी पेटली, आणि पुढें पंचवीस वर्षें पेटत राहिली. स्वयंपाकघर आणि ओसरी ह्यांमध्यें वीस पावलांचें अंतर. तो खोकला रोज ऐकूं येई; पण त्याचा सांगावा ओसरीपर्यंत कधीं आला नाहीं. येणार कोणाच्या हातीं? आंतून बाहेर येणारें माणूस एकच होतें, आणि तें येई तें भाकरी घेऊन. तिनें सांगितलें नाहीं, आणि उठून वीस पावलें जाऊन विचारावें असें आम्हां कोणाला वाटलें नाहीं.

नांदगांवीं पोंचलों तेव्हां आत्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलीत बसली होती. हात न थांबवितां तिनें विचारलें, “खरं खरं सांग, काय निंघालं?”

“धूर निघाला, आत्या.”

ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “धूर काय आजचा हाय का? तो त माह्या सोबतीचा हाय.” आणि उठून आंत गेली. आम्ही मागोमाग गेलों. कोनाड्यांतला पेला काढून तिनें घासला, विसळला, आणि फळीवर इतर पेल्यांच्या रांगेंत नेऊन ठेवला.

त्या रात्रीं तिनें गॅसवर भाकरी केल्या. आम्ही प्रथमच स्वयंपाकघरांत तिच्याजवळ पाट मांडून बसलों. तिनें भाकर वाढली, आमचा पहिला घास होईतों वाट पाहिली, आणि विचारलें, “कशी लागते?”

“चांगली लागते.”

“लबाड हायेस,” असें म्हणून तिनें दुसरी वाढली.